न दिसणारा स्विच

बिरदेव कोळपे डेअरीत नेमकं काय काम करतो, हे इनामगावात कुणालाच धड माहीत नव्हतं, आणि यात गावाचा काही दोष नव्हता. कुणी विचारलं, तर बिरदेव इतकं समजावून सांगायचा की विचारणारा आपण काय विचारलं होतं तेच विसरून जायचा. ‘कंप्युटरचं कायतरी बघतोय’ एवढ्यावर लोक समाधान मानत. बिरदेवला ते ‘कायतरी’ फार लागायचं.

त्याचा आजा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेला. बापाने, म्हणजे म्हस्कूआबाने, घोड नदीच्या काठाला बूड टेकलं, ऊस-कांदा केला आणि हौसेपुरती चार शेरडं ठेवली. बिरदेवने त्याच्याही पुढची पायरी गाठली. दौंडला टायरच्या दुकानावरच्या माडीत जो नेटवर्किंगचा क्लास होता, तो त्याने एसटीचे धक्के खात पुरा केला आणि न्हावऱ्याच्या रस्त्यावरच्या घोडकाठ दूध संघात नोकरीला लागला. घराण्यात पहिल्यांदाच कुणीतरी सावलीत बसून काम करत होतं. त्या सावलीत एसीही होता, आणि त्या एसीचा उल्लेख न करता बिरदेवचं एकही वाक्य संपत नसे.

पूर्वी डेअरीत कामापरत्वे वेगवेगळे कंप्युटर होते. टेम्पोतून दूध उतरवून घ्यायच्या डॉकचा एक, लॅबचा एक, हजेरीचा एक, ऑफिसचा एक. त्यांच्या पंख्यांत धूळ बसायची, उंदीर वायरी कुरतडायचे आणि बिरदेव दिवसभर टेबलांखाली रांगायचा. मग त्याने चेअरमन सावळाराम आप्पांच्या कानाला लागून एक मोठा सर्व्हर आणवला आणि ते चारही कंप्युटर त्याच्या पोटात घातले. चारही खरे असल्यासारखे चालतात, पण एकालाही स्वतःचं अंग नाही. त्यांचं एकमेकांशी बोलणं व्हावं आणि बाहेरच्या काट्यांशी, फॅट मशीनशी व्हावं, म्हणून मध्ये दोन स्विच, एक डॉकचा आणि एक ऑफिसचा. तेही नुसते सॉफ्टवेअरचे. हात लावायला गेलं तर हाताला हवा लागणार.

“आप्पा, वायरींचा जमाना गेला आता,” संचालकांच्या मीटिंगमध्ये बिरदेव छाती काढून म्हणाला होता. “सगळं आत हाय. व्हर्च्युअल.”

“आन् जे दिसत न्हाई ते बिघाडलं, तर नीट कोन करनार?” आप्पांनी विचारलं.

“मी हाय की,” बिरदेव म्हणाला. हे बोलताना आपण जरा मान तिरकी केली होती, असं त्याला नंतर पुष्कळदा आठवलं आणि दर वेळी आपल्याच कानाखाली द्यावीशी वाटली.

म्हस्कूआबाला त्याने वेगळ्या तऱ्हेने सांगून पाहिलं. “आबा, असं समजा की एक घर हाय. त्यात चौघं भाऊ, चौघांच्या चार चुली. आन् ह्याचा निरोप त्याला पोचवायला मधी एक स्विच.”

“कुठं असतंय त्ये?”

“दिसत न्हाई.”

आबाने विडी विझवली. “चौघं भाऊ एका घरात, आन् निरोप देनारा कोन त्ये दिसत न्हाई. मंग भांडनं लागत असत्याल.”

लागत होतीच. त्यातलं एक भांडण डेअरीत अजून सांगितलं जातं. एका रविवारी बिरदेवने घरात खाटेवर पडल्या पडल्या, मांडीवर लॅपटॉप घेऊन, सर्व्हरमधला ऑफिसचा स्विच जुना झाला म्हणून काढून टाकला. नवा करायला गेला तर पडदा काळा. तो घरून ज्या वाटेने सर्व्हरपर्यंत पोचला होता, ती वाट त्या स्विचवरूनच जात होती. बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालणाऱ्याची गोष्ट लहानपणी ऐकताना तो पोट धरून हसला होता. त्या रविवारी मात्र तो बनियनवरच मोटरसायकलला किक मारून डेअरीकडे सुटला. वॉचमनने त्याला ओळखलं नाही. “साहेब शर्टात असत्यात,” असं म्हणून त्याने फाटकातच उभं केलं.

इतकं होऊनही बिरदेवची ऐट काही कमी झाली नाही. कारण डेअरीत त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, हे खरंच होतं. त्यालाही पुरेसं कळत नाही, हेही तितकंच खरं होतं, पण ते ठाऊक असलेला एकटा तोच होता.

त्याची बायको सुषमा त्याच डेअरीत डॉकवर होती. लग्न झाल्यावर ती कॅन धुण्याच्या विभागात लागली. तिथे गरम पाण्याची वाफ, सोड्याची आग आणि पायात दिवसभर ओल. बोटांच्या बेचक्या कुजायच्या. तिथून ती स्वतःच्या जिवावर लॅबमधलं काम शिकली आणि डॉकच्या खुर्चीवर आली. टेम्पो आला की नमुना घ्यायचा, फॅट मशीनला लावायचा, पडद्यावर आकडा उमटला की टाकीचा कॉक उघडायला सांगायचं. पुरुषांचे टेम्पो तिच्या एका मानेच्या इशाऱ्यावर पुढे सरकत. त्या खुर्चीवर ती जशी बसायची, तशी घरातल्या खुर्चीवर कधी बसली नाही. घरी ती बसायचीच कुठं?

तर खंडेनवमीचा दिवस. घोडकाठ संघात खंडेनवमी फार मानतात. पाने-पकडी, पंप, टेम्पो, काटे, सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून पुजायचं. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. डॉकला तेवढी सूट, कारण म्हशींना सणवार कळत नाही. ऑफिसला तर सुट्टीच होती.

बिरदेवने त्या दिवशी सर्व्हरची पूजा अशी केली की पुजाऱ्याने बघत राहावं. ब्लोअरने धूळ उडवली. मागच्या वायरी काढून ओल्या फडक्याने पुसल्या आणि ताटात तलवारीसारख्या मांडल्या. कुंकू लावलं, वायरी परत खोचल्या, झेंडूची माळ घातली, आणि ती खाली घसरू नये म्हणून तिचा दोरा मागे एका वायरीला बांधला. नारळ फोडला. आता वायरी खोचल्यावर, सगळं चाललंय का, हे एकदा कीबोर्डला हात लावून बघायला नको का? दौंडच्या क्लासात हे पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पण पूजा झाली होती. पुजलेल्या हत्याराला हात कसा लावायचा? बिरदेवने सर्व्हरला मनोभावे हात जोडले, खोलीला कुलूप घातलं आणि घरी जाऊन गोडाधोडाचं जेवून आडवा झाला.

दिवस कलायला आला आणि सावळाराम आप्पांचा फोन आला.

“बिरदेवा, डॉक बंद पडलाय. पडद्यावर आकडाच येईना. कासुर्डीचा टेम्पो उभा हाय, मागं तीन हायेत. नोंद झाल्याबिगर कॉक उघडता येत न्हाई. काय झालंया?”

झोपेतून उठलेल्या माणसाला विचार करायला वेळ लागतो, पण तोंड उघडायला लागत नाही. सकाळी सुषमा फॅट मशीन पुसत होती, तेवढं बिरदेवला आठवलं.

“फडकं ओलं असंल, आप्पा,” तो म्हणाला. “मशीन पुसताना पानी आत गेलं असंल.”

फोन स्पीकरवर होता, हे त्याला पलीकडून नवनाथचा आवाज आला तेव्हा कळलं. नवनाथ म्हणजे कासुर्डीचा टेम्पोवाला. “घ्या! नवराच सांगतोय,” तो ओरडला.

बिरदेव डेअरीत पोचला तेव्हा डॉकवर ही गर्दी. दूध तापायला लागलं होतं, ड्रायव्हर तापून झाले होते. आप्पा खुर्ची टाकून बसले होते, आणि सुषमा स्वतःच्या खुर्चीपासून लांब, भिंतीला टेकून उभी होती. आप्पांनी निकाल देऊन टाकला होता. आजचं दूध नासलं तर नासलं, पण उद्याच्या पाळीपासून सुषमाने परत कॅन धुवायला जायचं. मशीनवर दुसरं कुणीतरी बसेल.

सुषमाने बिरदेवकडे बघितलं. चिडलेली असती तर बरं झालं असतं. ती फक्त बघत होती.

बिरदेव सर्व्हरच्या खोलीत शिरला आणि आतून कडी लावली. आता पूजा-बिजा बाजूला ठेवून त्याने कीबोर्ड ओढला. चारही मशीन चालू. एकमेकांना हाक मारली की ओ देत होती. पण बाहेर डॉकवरच्या काट्यांना, फॅट मशीनला हाक मारली की उत्तर नाही. म्हणजे फॅट मशीनमध्ये पाणी-बिणी काही नव्हतं, नुसतं फॅट मशीन बिघडून एवढं सगळं बंद पडलंच नसतं. हे त्याला पहिल्या मिनिटालाच कळलं, आणि तिथेच बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. पण सांगणार काय? ‘बिघाड कुठे आहे ते कळलं नाही, पण सुषमाचा नाही’? आधी नीट करू, मग सांगू, असं त्याने ठरवलं. असं ठरवणारे लोक मग काय करतात, ते त्याला चांगलं ठाऊक होतं. त्यातलं दुसरं, म्हणजे सांगायचं, पुढे ढकलतात.

बिघाड माझ्या व्हर्च्युअल स्विचमध्येच असणार, असं त्याने धरलं. दुसरीकडे असूच कसा शकेल? जी गोष्ट फक्त आपल्याला समजते, तिच्यातच सगळे घोटाळे होतात, असं मानण्यातही एक प्रकारचा मोठेपणा असतो. त्याने डॉकच्या स्विचच्या सगळ्या सेटिंग तपासल्या, बदलल्या, परत पहिल्यासारख्या केल्या. शेवटी त्याने तो स्विचच पुसून टाकला आणि नवा केला. त्या नादात मशीनं नव्या स्विचला जोडायला तो विसरला, आणि मघाशी एकमेकांना ओ देणारे चार भाऊ आता सख्ख्या भावालाही ओळखेनात. आबाचं भाकीत खरं ठरलं. घाम पुसत त्याने एकेकाला परत जोडलं. बरोबर मघाशी होता तिथेच येऊन पोचला.

बाहेरून दारावर थाप पडली. “झालं का रं?” आप्पा.

“आतलं काम हाय, आप्पा! अवघड हाय!” बिरदेव आतून ओरडला.

मग त्याला वाटलं, मागचे दिवे तरी लुकलुकतात का बघू. तर मध्ये झेंडूची माळ. त्याने वैतागून ती ओढली. दोरा वायरीला बांधलेला, तो काही निघेना. आणखी जोर लावला, तर माळेबरोबर वायरच निसटून हातात आली. भिंतीतून येणारी ती वायर डॉकची होती. तिच्यावर त्यानेच पूर्वी चिकटपट्टी लावून तसं लिहिलं होतं. आणि पडद्यावर लाल फुली उमटली ती ऑफिसच्या स्विचवर.

बिरदेव बराच वेळ त्या फुलीकडे बघत राहिला. डॉकची वायर काढली की ऑफिसचा स्विच का मरावा? कारण डॉकची वायर ऑफिसच्या भोकात होती. आणि ऑफिसची डॉकच्या. ऑफिसला सुट्टी, म्हणून तिकडची बोंब कुणाच्या कानावर आली नव्हती. दुपारी ताटातून उचलून, कुंकवाच्या बोटांनी, डोळे अर्धे मिटून, त्याने स्वतःच त्या उलट्या खोचल्या होत्या.

तो स्वतःशीच हसला, पण त्या हसण्यात काही मजा नव्हती. वायरी अदलाबदल करायला एक श्वासही लागला नाही. बाहेर डॉकवर एकदम गलका उठला. आकडा आला होता.

तो बाहेर आला तर लोकांनी रस्ताच करून दिला. नवनाथने त्याचा हात हातात घेऊन हलवला. पहिल्या टेम्पोसाठी टाकीचा कॉक उघडला गेला. खुर्चीवर लॅबमधला दुसरा एक माणूस बसवला होता.

“वा रं वाघा,” आप्पा उठून म्हणाले. “बायकूनं घोळ घालावा आन् नवऱ्यानं निस्तरावा. उगं न्हाई तुला सर्व्हर आनून दिला.”

बिरदेवच्या आयुष्यात असा क्षण दुसरा आला नव्हता. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. गप्पसुद्धा नाही, नुसती मान खाली घालून नम्रपणे हसलं असतं की काम झालं असतं. तो तसा हसलाही. निदान सुरुवात तरी झाली होती. मग त्याची नजर भिंतीला टेकलेल्या सुषमावर गेली. ती आता त्याच्याकडे बघतही नव्हती. ती आपला ॲप्रन काढून त्याची घडी घालत होती.

“आप्पा,” तो म्हणाला, “फडक्याचा काय संबंध न्हाई. पूजेच्या टायमाला वायरी मीच उलट्या घातल्या व्हत्या. चूक माझी हाय.”

मग आप्पा हसले. “वायरी? अरं, तूच सांगितलं न्हवं, वायरींचा जमाना गेला? सगळं आत हाय?”

“आत हायच. पर मागं वायर बी हाय.”

“ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे.” आप्पांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “बायकूसाठी खोटं बोलतोस, चांगली गोष्ट हाय. पर डेअरी हाय ही.”

“आमी बी संसारी मान्सं हाय,” नवनाथने डोळा मारला.

वर्षभर ज्याला त्याला बिरदेवने ऐकवलं होतं की हे प्रकरण फार खोल आहे, डोळ्यांना दिसत नाही, येरागबाळ्याचं काम नाही. आता तो सांगत होता की दोन वायरी उलट्या खोचल्या होत्या, एवढंच. कोण विश्वास ठेवणार? त्याने परत सांगितलं, लोक आणखी हसले. त्याने देवाची शपथ घेतली, तर एकजण म्हणाला, “लई जीव हाय बरं बायकूवर.” सुषमाने घडी घातलेला ॲप्रन खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

तेव्हा बिरदेवचं डोकं फिरलं. त्याने आप्पांचा हात धरला, आणि चेअरमनचा हात असा कुणी धरत नाही, आणि त्यांना ओढतच सर्व्हरच्या खोलीकडे नेलं. मागोमाग ड्रायव्हर, लॅबवाले, वॉचमन. बारक्याशा खोलीत माणूस मावेना. ज्या खोलीत चपला काढून यायचं असा बिरदेवचाच हुकूम होता, तिथे शेणाचे बूट नाचायला लागले.

“ही डॉकची, ही हाफिसची. दुपारी मी अश्या घातल्या.” त्याने वायरी काढून उलट्या खोचल्या.

डॉकवरून आरोळी आली, “गेलं! गेलं!”

“आन् मघाशी अश्या केल्या.”

“आलं!”

आप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. “परत कर.”

बिरदेवने परत केलं. गेलं. आलं. मग आप्पा म्हणाले, मला करू दे. चेअरमनने स्वतःच्या हाताने वायरी काढल्या आणि उलट्या घातल्या, आणि डॉकवरून “गेलं!” ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जत्रेत पाळण्यात बसलेल्या पोराचा आनंद पसरला. नवनाथलाही करून बघायचं होतं. त्याला दिलं नाही.

“म्हंजी,” आप्पा शेवटी म्हणाले, “एवढा येळ कडी लावून आत काय करत व्हतास?”

“शोधत व्हतो.”

“कुठं?”

बिरदेवने पडद्याकडे बोट दाखवलं. खोलीत असा हशा पिकला की सर्व्हरच्या पंख्याचा आवाज ऐकू येईना. बिरदेवचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण खाली पक्की फरशी होती, आणि ती त्यानेच हट्ट करून बसवून घेतली होती.

आप्पा हसत हसतच डॉकवर आले. “सुषमे, बस तुज्या जाग्यावर. आन् फडकं पिळून घेत जा, तुज्या नवऱ्याचा भरवसा न्हाई.” लॅबमधला माणूस उठला. सुषमाने खुर्चीच्या पाठीवरचा ॲप्रन उचलला, अंगात घातला, आणि मान हलवून पुढच्या टेम्पोला बोलावलं.

राहिलेले टेम्पो मोकळे झाल्यावर दोघं मोटरसायकलवर घरी निघाले. दुतर्फा उसाला तुरे यायला लागले होते. बिरदेवची लाज हळूहळू ओसरली आणि तिच्या जागी दुसरंच काही चढायला लागलं. काही म्हणा, आपण चारचौघांत कबूल केलं. आप्पांच्या तोंडावर केलं. मनातल्या मनात त्याने हा प्रसंग दोनदा घोळवला, आणि दुसऱ्या खेपेला त्यात त्याची छाती जरा जास्तच रुंद होती. मागून सुषमा काहीतरी म्हणेल, म्हणून त्याने गाडीचा वेगही कमी केला.

“मला वाटलं, तुमी गप बसाल,” सुषमा म्हणाली.

“मी? गप?”

“मी कॅन धुनाऱ्या कस्तुराबाईला इचारून बी ठेवलं व्हतं. तिच्या लेकीचे जुने गमबूट हायेत. माझ्या पायाला व्हत्यात.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. उद्याची भाजी कोणती, हे सांगावं तसं तिने ते सांगितलं. भिंतीला टेकून उभी असताना ती रडत नव्हती, चिडत नव्हती, तेव्हा ती हे करत होती तर. तो आत कडी लावून स्विच पुसत होता, तेवढ्या वेळात तिने गमबुटांची सोय लावली होती. नवरा खरं बोलेल, ही शक्यता तिने धरलीच नव्हती. आणि इतक्या वर्षांच्या संसारात ती धरावी असं त्याने काय केलं होतं, हे बिरदेवला प्रामाणिकपणे आठवेना. त्याला फार वाईट वाटलं. मघाच्या हशापेक्षा हे कितीतरी जास्त लागलं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला. “फोनवर बोललो त्ये. लई चुकलं.”

“व्हय,” सुषमा म्हणाली, आणि डेअरीतून निघाल्यापासून पहिल्यांदाच तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “आता पुढं बघून गाडी चालवा.”